एक जुलैचं वाढप

हेरीहेरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यामिनीला वाटलं, कोणीतरी स्वयंपाक अर्धवट टाकून उठून गेलंय. उकडलेलं रताळं, उकडलेली कच्ची केळी, आपला साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावाचा कंद, तोही उकडलेलाच, आणि शेजारी खारवलेल्या माशाचे पांढरेफटक तुकडे. हळद नाही, तिखट नाही, कोथिंबिरीचं पान नाही. आपण आजाऱ्यालासुद्धा याहून बरं देतो, असं तिनं घरी येऊन नवऱ्याला, सुमितला, सांगितलं होतं. आणि आता हेच जेवण तीनेकशे माणसांसाठी रांधायची जबाबदारी तिच्या गळ्यात पडली होती.

गळ्यात पडली ती पातेल्यांमुळे. कापेल आन डेन आयसेलमधल्या त्यांच्या वस्तीत एक बुर्टहाउस आहे, म्हणजे वस्तीचं सभागृह. रॉटरडॅम, ब्रेडा आणि आसपासची बौद्ध मंडळी दरवर्षी चौदा एप्रिलला तेच घेतात. अभिवादन, भाषणं, मुलांचे नाच आणि मग पोटभर जेवण. त्या जेवणाची मोठमोठी पातेली यामिनीच्या शेडमध्ये असतात, कारण डबे पुरवायचा धंदा तिचा, आणि ज्याच्याकडे जागा त्याच्याकडे सगळ्यांचं सामान, हा नियम नेदरलँड्समध्येही मोडलेला नाही. सभागृहाच्या किल्ल्या सांभाळतात टान्टे हर्मिना. टान्टे म्हणजे मावशी. सुरीनामच्या, सत्तरी ओलांडलेल्या, काळ्याभोर, उंच, आणि आवाज असा की माइकवाल्यानं घरी जावं. एका जयंतीला त्या कुलूप लावायला म्हणून आल्या, वांग्याची भाजी दोनदा घेऊन जेवल्या आणि तेव्हापासून यामिनीच्या झाल्या.

एक जुलै हा हर्मिनांचा दिवस. केती कोती, म्हणजे साखळ्या तुटल्या. डच लोकांनी सुरीनाममधले आणि कॅरिबियन बेटांवरचे आपले गुलाम ज्या दिवशी मोकळे केले तो दिवस. त्या दिवशी हर्मिना हेरीहेरी रांधतात आणि येईल त्याला फुकट वाढतात. यंदा जूनमध्ये त्या सायकलवरून पडल्या आणि उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये गेला. सणाच्या समितीत कुजबुज सुरू झाली. हॉटेलातून मागवू, असं एक जण म्हणाला. यामिनीचं नाव निघाल्यावर दुसरा म्हणाला, भारतीय बाईला आपल्या जेवणातलं काय कळणार? हर्मिनांनी सगळ्यांना बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "तिच्याकडे पातेली आहेत आणि तिला तीनशे माणसांची भीती वाटत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे यातलं एक तरी आहे?" विषय संपला.

यामिनीनं लगेच हो म्हटलं, पण त्यात तिचा स्वतःचाही एक मतलब होता. तिची आई राधाबाई मे महिन्यात जालन्याहून आली होती आणि ऑगस्टपर्यंत राहणार होती. त्या आईच्या हातात झारा देऊन तिला परक्या माणसांच्या रांगेसमोर उभं करायचं, हे यामिनीनं मनाशी पक्कं केलं होतं.

कारण राधाबाई वाढत नसत. रांधायच्या, आणि असं रांधायच्या की भांडं घासायला टाकायची गरज उरू नये. आपल्या माणसांत वाढायच्यासुद्धा. पण पंगतीत एक जरी परका असला की त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. सुमितच्या ऑफिसातले लोक जेवायला आले तेव्हा वाट्या भरून त्या ओट्याशीच थांबल्या. "तू ने. मी भांडी आवरते," एवढंच. यामिनी नववीत असताना गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायला राधाबाईंची नेमणूक झाली होती. पहिल्या दिवशी त्या खिचडीचं पातेलं घेऊन वर्गासमोर उभ्या राहिल्या, आणि अर्ध्याहून जास्त मुलांनी आपल्या ताटल्या उपड्या करून ठेवल्या. घरून तसं सांगून पाठवलं होतं. लेकरांचा राग कसला धरायचा? चार दिवसांनी शाळेच्या समितीतला एक शहाणा घरी आला आणि म्हणाला, राधाबाई, तुम्ही झाडलोट बघा, स्वयंपाकाला दुसरं कोणी बघतो. राधाबाई झाडायला गेल्या नाहीत. त्यांनी त्यानंतर परक्याच्या ताटात काही घातलंही नाही. या गोष्टीला वीस वर्षं होत आली होती आणि यामिनीला अजून त्या शहाण्याचं नाव घेताना दात खावेसे वाटत.

"एक तारखेला वाढायला तू उभी राहायचंस," तिनं आईला सांगून टाकलं.

"सोलते, चिरते, घासते," राधाबाई म्हणाल्या. "वाढायचं सांगू नको."

"इथं कोणाला काही माहीत नाही, आई."

"मला हाये ना म्हाईत."

यामिनीनं बेत मात्र सोडला नाही. हट्टीपणा ती आईकडूनच शिकली होती.

एक जुलैला सकाळीच सगळी सभागृहाच्या स्वयंपाकघरात जमली. सुमितनं सुट्टी घेतली होती. बायकोला मदत म्हणून घेतली असं त्याचं म्हणणं, पण ब्रेडाच्या ऑफिसातली एक कंटाळवाणी मीटिंग त्याच दिवशी होती हेही खरं. मासा आदल्या दिवसापासून पाण्यात भिजत होता, पाणी बदलून बदलून त्याचं मीठ उतरवलं होतं. हर्मिना खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या आणि एफुआ कसावा सोलत होती. एफुआ घानाची, एल्मिनाची. तिथल्या समुद्राकाठी डचांचा किल्ला आहे, आणि त्या किल्ल्याच्या दारातून माणसं जहाजात कोंबून सुरीनामला नेली जात. हर्मिना दरवर्षी न चुकता तिला डिवचतात.

"नीट सोल. तुझ्या पणजोबानं माझ्या पणजीला विकलं असेल."

"म्हणूनच सोलायला येते," एफुआ मान वर न करता म्हणाली. "फेडतेय. अजून किती वर्षं फेडायचं ते सांग."

"मी मरेपर्यंत."

दोघी हसल्या. राधाबाईंना डच येत नव्हतं, पण हसण्यातली कळ त्यांना ऐकू आली. काय म्हणतात या, असं त्यांनी विचारलं. यामिनीनं सांगितलं.

"म्हंजी हिच्या गावातून तिची माणसं नेली?"

"हो."

"आन तरी दोघी एका जागी बसून सोलतात?"

"दरवर्षी."

राधाबाईंनी दोघींकडे बराच वेळ पाहिलं. मग आपलं स्टूल एफुआच्या बाजूला सरकवून सुरी हातात घेतली. "तिला सांग, साल लई जाड काढायली. निम्मा कंद वाया चाललाय." हे मात्र यामिनीनं भाषांतर केलं नाही. तशी गरजही नव्हती, कारण राधाबाईंनी एफुआच्या हातातला कंद काढून घेऊन कसं सोलायचं ते दाखवलंच होतं.

उशिरा सकाळी हर्मिना आणि एफुआ नदीकाठी गेल्या. मिरवणूक निघण्याआधी तिथं पूर्वजांची नावं घेऊन पाणी सोडतात. यामिनी सुमितला घेऊन ताटल्या आणायला गेली. पुढे माल ठेवायची पेटी असलेल्या तिच्या सायकलवर, म्हणजे बाकफीट्सवर, सगळ्या ताटल्या एका खेपेत मावतील असं सुमितला वाटलं होतं. त्या मावल्या नाहीत. दोन खेपा झाल्या, आणि तेवढा वेळ राधाबाई स्वयंपाकघरात एकट्या राहिल्या, त्या पांढऱ्याफटक माशाच्या पातेल्याबरोबर.

यामिनी परतली तेव्हा दारातच येसुराचा वास आला आणि ती ताटल्या तिथंच टाकून आत धावली. येसूर म्हणजे राधाबाईंचा जीव की प्राण. भाजून, कुटून, डब्यात दाबून भरलेला तो मसाला त्यांनी कपड्यांच्या घड्यांत लपवून जालन्याहून आणला होता. पातेल्यात लालभडक तवंग तरंगत होता. मोहरी, ठेचलेला लसूण, हळद, कशाकशाची कमी नव्हती.

"आता बघ," राधाबाई खुशीत म्हणाल्या. "आळणी घालत व्हतीस लोकायला. सणाचा दिस हाये बाई, कोणी नाव ठेवलं असतं."

यामिनी पातेल्यावर झाकण घालायला वळली, तोच हर्मिना दारात उभ्या. सणाचा घोळदार झगा, डोक्याला कडक इस्त्रीचा रंगीत रुमाल. त्यांनी वास घेतला, पातेल्यापाशी आल्या, डाव्या हातानं चमच्यात मासा घेतला, चाखला, आणि चमचा खाली ठेवला.

"हे नाही चालणार," त्या म्हणाल्या. "हे मी वाढू शकत नाही."

हे राधाबाईंना कोणी मराठीत सांगायला नको होतं. खाली ठेवलेला चमचा त्यांना कळला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि आतून सगळं निघून गेलं. त्यांनी पदराला हात पुसले, अॅप्रनची गाठ सोडली, अॅप्रनची नीट घडी घालून ओट्यावर ठेवली. "मी सांगितलं व्हतं तुला," त्या यामिनीला म्हणाल्या, आणि कोपऱ्यातल्या खोक्यावर जाऊन भिंतीकडे बघत बसल्या.

यामिनीचा तोल गेला. आईवर चिडावं की हर्मिनांवर, हेच कळेना. ती आईपाशी जाऊन म्हणाली, अगं, हाताचं काही नाही, फोडणीचं आहे, यांच्यात आज फोडणी चालत नाही. आईनं ऐकलंच नाही. कारण तेव्हाही लोकांनी कारणं सांगितलीच होती, खिचडी कच्ची आहे, मीठ जास्त आहे, असली. मग यामिनी हर्मिनांकडे वळली आणि आपल्या तोडक्यामोडक्या डचमध्ये, चुका करत, मधूनच इंग्रजीत घुसत, सगळं सांगून मोकळी झाली. शाळा, पातेलं, उपड्या ताटल्या, तो समितीतला शहाणा. आमची जात खालची मानतात, आमच्या हातचं खाल्लं तर आपण विटाळतो असं समजतात, हेही सांगितलं. नेदरलँड्समध्ये आल्यापासूनच्या नऊ वर्षांत तिनं हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता.

हर्मिनांनी ताटली घेतली. डाव्या हातानं, सांडत-लवंडत, तीत त्या लाल पातेल्यातला मासा भरून घेतला. दुसरं खोकं पायानं सरकवत राधाबाईंच्या पुढ्यात आणलं, त्यावर बसल्या आणि जेवायला लागल्या. डोळ्यांत पाणी आलं, नाक गळायला लागलं, तरी थांबल्या नाहीत. राधाबाई आधी भिंतीकडे बघत होत्या, मग हळूच ताटलीकडे बघू लागल्या, मग त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ताटली रिकामी झाली. हर्मिनांचं बालपण सुरीनाममध्ये हिंदुस्तानी मजुरांच्या शेजारात गेलं होतं, त्या शेजाराची भाषा त्यांना थोडी येत होती. ती त्यांनी बाहेर काढली.

"बहुत अच्छा," त्या म्हणाल्या. "कल खाएंगे. आज नहीं."

आणि पुढचं डचमध्ये सांगितलं, यामिनी एकेक वाक्य मराठीत करत गेली. मळ्यावर हर्मिनांच्या आजीची आजी हेच खायची. कंद उकडायचे आणि पिंपातून आलेला सगळ्यात स्वस्त खारा मासा. कांदा द्यायला कोण बसलं होतं? हल्ली लोक कांदा-टोमॅटो घालून परततात, त्यांनी खुशाल परतावं. हर्मिनांच्या पातेल्यात वर्षातून एक दिवस काही पडत नाही. त्या दिवशी त्या बायांच्या जिभेला काय लागत होतं, ते आपल्या जिभेला लागलं पाहिजे.

राधाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिला सांग, माझी आजी मेल्या ढोराच्या मटणाच्या चान्या वाळवायची. दुसरं काही मिळतच नव्हतं. बाबासाहेबांनी सांगितलं, सोडा, उपाशी राहा पण सोडा. आम्ही सोडलं. मी चवसुद्धा बघितली नाही. इचार हिला, हिला हे लोकांपुढं खायाची लाज नाही वाटत?"

यामिनीनं भीतभीतच विचारलं. हर्मिनांना राग आला नाही.

"लाज ज्यांनी तसं खायला दिलं त्यांची," त्या म्हणाल्या. "माझ्या बाया त्यावर जगल्या. म्हणून मी आहे."

राधाबाईंनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या. "सोडलं ते आमचं बी बरोबरच," त्या म्हणाल्या, "पर हिचं बी खोटं नाही." आणि उठल्या. "दुसरा मासा कुठं मिळंल? का आता बी तोंडं बघत बसायचं?"

मासा एफुआनं मिळवला. रॉटरडॅमच्या डेल्फ्सहाफनमध्ये अडिल्सनचं दुकान आहे. तो केप व्हर्देचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेजवळच्या बेटांवरचा, आणि तिथंही हाच खारा मासा घरोघरी शिजतो. एफुआनं फोनवर काय सांगितलं देव जाणे, पण अडिल्सन दुकानाला कुलूप लावून व्हॅन घेऊन स्वतः आला. पाठीवरून पोती उतरवताना म्हणाला, तुमचा सण तो आमचाही, आमचीही माणसं गुलाम होती, फक्त आमच्याकडे त्याची तारीख वेगळी. हर्मिनांनी त्याच्या गालाचा मुका घेतला आणि लगेच त्याला चुलीपाशी कामाला लावलं.

रात्रभर भिजवायला वेळ नव्हता. तेव्हा राधाबाईंनी सूत्रं हाती घेतली. बाजारातली सुकट आणि बोंबील शिजवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना माशाचं मीठ कोण शिकवणार? उकळायचं, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचं. सुमित आणि अडिल्सन पातेली उचलत होते, एफुआ काटे काढत होती, यामिनी कंद उकडत होती, आणि राधाबाई सगळ्यांवर मराठीत ओरडत होत्या. कोणाचं काही अडत नव्हतं. दर उकळीनंतर एक तुकडा हर्मिनांच्या तोंडात जाई आणि त्या मान हलवत, नाही. बाहेरून ढोलांचा आवाज यायला लागला तेव्हा त्यांनी तुकडा तोंडात घोळवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. सगळे थांबले.

"हेच," त्या म्हणाल्या.

मिरवणूक मेट्रो स्टेशनकडून आली. झुलणाऱ्या झग्यातल्या बाया, लाल-हिरवे-पिवळे पट्टे पांघरलेली पोरं, ढोलवाले, त्यांच्यामागून वस्तीतले तुर्की, मोरोक्कन, गोरे, सगळे. अंगणात टेबलं मांडली होती. यामिनीनं मुद्दाम माशाच्या पातेल्यामागे आईला उभं केलं होतं, तेवढं झाकण धर, असं सांगून. झारा पातेल्यावर आडवा ठेवलेला होता.

रांग लागली आणि रांगेच्या तोंडाशी ताटली घेऊन हर्मिना उभ्या राहिल्या. ढोल थांबले. गावातली सगळ्यात मोठी बाई पहिला घास घेणार, तोवर बाकीचे थांबणार, ही तिथली रीत. हर्मिनांनी ताटली राधाबाईंपुढे धरली.

राधाबाईंनी यामिनीकडे पाहिलं. "तू वाढ."

"माझे हात ओले आहेत," यामिनी म्हणाली. हात कोरडे ठणठणीत होते. तिनं ते पाठीमागे घेतले.

सुमितनं आपण होऊन दुसरीकडे बघायला सुरुवात केली. लग्नानंतर इतकं शहाणपण त्यानं पहिल्यांदाच दाखवलं. हर्मिनांनी हातातली ताटली मागे घेतली नाही. प्लास्टरमधला हात छातीशी आणि दुसऱ्या हातात ताटली. म्हाताऱ्या माणसाला किती वेळ ताटकळत ठेवायचं? राधाबाईंनी झारा उचलला. पाणी निथळू दिलं. चांगला जाड, बिनकाट्याचा तुकडा बघून हर्मिनांच्या ताटलीत ठेवला, आणि त्याला लागून दुसराही.

हर्मिनांनी तिथंच उभ्या उभ्या घास घेतला आणि ताटली डोक्याच्या वर धरली. ढोल असे सुटले की अंगणातली कबुतरं उडाली. यामिनीला आता रडू आलं ते तिनं येऊ दिलं.

मग रांग पुढे सरकली ती सरकतच राहिली. काठी टेकत आलेला म्हातारा राधाबाईंसमोर टोपी काढून उभा राहिला. एका बाईनं ताटली घेतली आणि वाकून त्यांच्या हाताला कपाळ लावलं. मुलं दुसऱ्यांदा आली, तोंड पुसून तिसऱ्यांदाही आली, आणि राधाबाईंना ती तिसऱ्यांदा आलीत हे कळत होतं, तरी त्या वाढत होत्या. एक सुटाबुटातला साहेब बाजूनं घुसून ताटली पुढे करायला लागला. राधाबाईंनी झारा उगारून त्याला रांगेचं शेपूट दाखवलं. "तिकडून या." साहेब निमूटपणे तिकडून आला, आणि त्यालाही त्यांनी चांगला तुकडा दिला.

दुपार कलली. राधाबाईंचा पदर खोचलेला, कपाळावर घाम, पांढऱ्या साडीवर माशाच्या पाण्याचे डाग. दुसरं पातेलं उघडलं तेव्हा यामिनीच्या लक्षात आलं की आई कधीपासून उभीच आहे, पाणीसुद्धा प्यायलेली नाही. आता आपलं काम झालं असं समजून ती जवळ गेली आणि तिनं झाऱ्याला हात घातला.

"दमलीस, आई. दे, आता मी वाढते."

राधाबाईंनी तिचा हात कोपरानं बाजूला केला.

"सरक तिकडं," त्या म्हणाल्या. "ही माझी रांग हाये." आणि पुढच्या माणसाला म्हणाल्या, "आण बाबा, ताट आण."